छत्तीस ग्रॅम पाण्याचे मोल

आमचे रसायनशास्त्राचे सर गणिताच्या पायऱ्या मोठ्यानं म्हणून घ्यायचे. काय दिलंय, काय काढायचंय, सूत्र कोणतं, किमती घाला, उत्तर लिहा. एक पायरी गाळली की उत्तर बरोबर असूनही भोपळा. पद्धत चांगलीच होती. माणूस हलकट होता.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी काटोलच्या मराठी शाळेतून नागपूरला प्री-युनिव्हर्सिटीत आले. राहायला प्रताप नगरात, आत्याकडे. बाबांचा पुतण्या केमिस्ट्रीतच आपटून घरी परतला होता, म्हणून मला पाठवतानाच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "केमिस्ट्री जमली त शिक. दिवाळीनंतर सरले मीच येऊन पुसीन. नाही जमली त सोयरीक तयारच हाये."

सर धडा इंग्रजीत शिकवायचे. तो माझ्या डोक्यावरून जायचा. गणित मात्र मराठीत सांगायचे. पहिल्या चाचणीत ते म्हणाले, "छत्तीस ग्रॅम पाण्याचे मोल काढा." शाळेत आम्ही 'क्षची किंमत काढा' करत वाढलेलो, आणि मोल म्हणजे किंमत हे काटोलच्या बाजारात कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. मी इमानेइतबारे पायऱ्या लिहिल्या. दिलंय, पाणी छत्तीस ग्रॅम. काढायचंय, त्याची किंमत. पुढे लिहिलं, पाण्याचा भाव दिलेला नाही, म्हणून मोल काढता येत नाही.

सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं, सावकाश, चवीनं. त्यानंतर हजेरी घेताना रोज, "काय काटोल, आज पाण्याचा भाव काय?" एकदा पोरं पुरेशी हसली नाहीत, तेव्हा म्हणाले, "बरं, तुझं मोल काय गं?" मग बाकं बडवली गेली. त्या माणसाचा मला आजही राग येतो आणि तो जावा असं मला वाटत नाही.

मी शिकले ते संतापानं. अठरा ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल. मोल ही किंमत नव्हे, ते कणांचं माप, जसा संत्र्यांचा शेकडा. एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर! दिवाळीनंतर सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि नव्वद ग्रॅम दिले. मी सगळ्या पायऱ्या म्हटल्या, भागाकार केला, पाच लिहिले. वर्गात कुणी हसलं नाही. "बस खाली," सर म्हणाले. त्यांचं खेळणंच कुणी काढून घेतलं होतं.

दुसऱ्याच दिवशी बाबा संत्र्यांची पिशवी घेऊन स्टाफरूममध्ये आले. मी मागे उभी.

"पोरगी निभते ना जी?"

सरांनी पिशवीतलं एक संत्रं उचललं. "मुलगी कष्टाळू आहे हो. पण तिला मोल कळत नाही."

खिडकीजवळचे दुसरे सर फिसकन हसले. बाबांचा चेहरा पडला. "तेच म्हनतो जी. आमच्या कष्टाचं मोलच नाही तिले."

इथे सरांना एक वाक्य बोलता आलं असतं. ते संत्रं सोलत राहिले.

"बाबा, ते मोल वेगळं..."

"गप वं."

संध्याकाळी आम्ही काटोलच्या एसटीत होतो, माझी ट्रंक वर टपावर. मी बाबांना पहिल्यापासून सांगितलं. छत्तीस ग्रॅम, भाव, फळा, नव्वद ग्रॅम, पाच, एकही पायरी न गाळता. कळमेश्वर येईपर्यंत ते ऐकत होते.

"म्हंजे तुले येते?"

"येते."

"आन तो सर हासून राहिला होता?"

"हो."

ते वाकून खिडकीतून कळमेश्वरचा स्टँड बघू लागले. मला वाटलं, आता उतरू आणि परतीची गाडी धरू. माझा हात समोरच्या सीटच्या दांडीवर गेलासुद्धा.

"मंग त बरंच झालं," बाबा म्हणाले. "जो बापासमोर पोरीवर हासते, त्याच्यापाशी तुले कायले ठेवू?"

उन्हाळ्यात माझं लग्न झालं.