मोठ्या बाबांनी मोडेमला दिलेला विसावा

चालू असलेलं कुठलंही यंत्र मोठ्या बाबांना फार वेळ बघवत नसे. पाहुणा घामाघूम असला तरी त्याच्या डोक्यावरचा पंखा ते मध्येच बंद करत. "त्यालेही जीव हाये, जराक दम खाऊ द्या." विहिरीवरचं डिझेल इंजिन त्यांनी जन्मभर याच मायेनं चालवलं होतं.

हे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी आई, गेलेली. त्यात त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं, म्हणून पुण्याची नोकरी सांभाळत मी त्यांच्या गावी, बोरगाव मेघ्यात, त्यांच्याजवळ राहिलो. कंपनीनं अमेरिकेत भाड्यानं घेतलेल्या कॉम्प्युटरवर घरूनच जोडणी करून काम करायचं. एकदा जरी अडलं तरी पुण्याला परत, ही साहेबांची अट. मी ऐटीत सांगितलं, "कॉम्प्युटर अमेरिकेत, मी तुमच्या ओसरीत!" ते म्हणाले, "मंग तिथं त्याच्यापाशी कोन हाये?"

एके दिवशी साहेब तीन वाजता काम पाहणार होते. जेवून बसलो तर जोडणीच होईना. पासवर्ड पुन्हा टाकला, वायर काढून लावली. इंटरनेट ठणठणीत, फक्त माझ्या कॉम्प्युटरनंच तोंड फिरवलेलं. घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी इंजिनिअर म्हणवणाऱ्या मी देवापुढे उदबत्ती लावली.

इंजिन बिघडलं की मोठ्या बाबांचा पहिला प्रश्न असे, "हात कोनं लावला?" आज मात्र खाटेवरून ते हळूच म्हणाले, "बापू, मी लावला. तू जेवत होता, ते डब्बी तापून राह्यली होती. जराक बंद केली, मंग लावून देल्ली."

मोडेम बंद करून लावला की आमच्या जोडणीचा नंबर बदलायचा, आणि तो दूरचा कॉम्प्युटर फक्त जुन्या नंबरालाच आत घ्यायचा! मी पुण्याला फोन केला. तिथल्या सहकाऱ्यानं नवा नंबर टाकेपर्यंत आम्ही दोघं टक लावून पडद्याकडे पाहत होतो. तीनच्या तोंडावर जोडणी झाली. साहेबांना काहीच कळलं नाही.

सकाळी पाहतो तर माझी बॅग भरलेली.

"हे काय?"

"तू पुण्याले जाय. काल वाचलं, उद्या तुयी नोकरी जाईन."

"मोठे बाबा, त्या बटणावर चिकटपट्टी लावतो ना!"

"आन माह्या हाताले कुठं लावशीन?"

शेवटी मी चुलतबहिणीला फोन लावला. ती त्यांच्याजवळ राहायला आली, त्या दुपारी मी निघालो. ऑटो येऊन उभा राहिला. "जाय, उशीर होते," ते म्हणत होते, आणि बॅगेचा पट्टा काही सोडत नव्हते.