पुतळीचा मॉल

पुतळी गंजाडची. मसोलीत जतीनशेठचा मॉल उभा राहत होता तेव्हा ती तिथे बिगारीवर होती. दोन वर्षं तिने डोक्यावरून रेती वाहिली, संगमरवराच्या लाद्या वाहिल्या. काम संपल्यावर मुकादमाने विचारलं, "आता इथेच झाडू मारशील का?" ती राहिली.

उद्घाटनाला सगळे दिवे लागले आणि पुतळी झाडू धरून तशीच उभी राहिली. तीन मजल्यांवर काचेचं छत. अत्तराचं दुकान, परदेशी घड्याळं, सरकता जिना. आपण उचललेल्या लादीत आपलाच चेहरा दिसतोय, याचं तिला एवढं नवल वाटलं की पहिले आठ दिवस ती चपला बाहेर काढूनच आत जायची.

गर्दी दिवाळीपर्यंत टिकली. लोक थंड हवेत फिरत, फोटो काढत आणि खरेदीला वापी नाहीतर मुंबई गाठत. आधी घड्याळवाला गेला, मग बूटवाला, मग अत्तरवाला. चौथ्या वर्षी एसी बंद झाला, जिनाही थांबला. उरलं एक औषधाचं दुकान, वॉचमन आणि पुतळी. तरी ती रोज तिन्ही मजले पुसायची.

"कोणासाठी गं?" वॉचमन विचारायचा.

"एवढं मोठं उभं आहे ना!" डोंगराबद्दल बोलावं तशी ती बोलायची.

एका सकाळी जतीनशेठ बंद जिन्याच्या पायरीवर येऊन बसले. "पुतळीबाई, दुकानं घ्यायला कोणी तयार नाही."

"आमच्या बाया उन्हात रस्त्यावर बसतात, शेठ. त्यांना आत बसू द्या."

"भाजी विकायला? इथे?"

"सावली तर आहे."

शेठ पायरीवरून उठले. मग म्हणाले, "रविवारी आण त्यांना."

रविवारी गंजाडहून वांगी-मिरच्या आल्या, वरोरहून सुके बोंबील आले. शेठनी जिना चालू करायला लावला, तशा बाया टोपल्यांसकट थबकल्या. सत्तरीची भिकी तेवढी पुतळीचा हात घट्ट धरून चढली. वर पोचल्यावर ती वाकून बघतच राहिली.

"अगं, या पायऱ्या जातात कुठे?"

"खालून फिरून परत येतात."

"परत येतात?" भिकीने तोंडावर हात ठेवला. "चल, अजून एकदा जाऊ."

वरचे दोन्ही मजले अजून बंदच आहेत. पण रविवारी खाली पाय ठेवायला जागा नसते, आणि कोणी कुठे बसायचं ते पुतळी ठरवते.