उजव्या हाताची बोटं

निजामाच्या राज्यातली गोष्ट. कुरुंद्याला आमच्या शेतात हळद शिजत होती. मी लहान, अंगात नुसतं वारं. आई नको नको म्हणत असताना कढईकडे धावले, पाय घसरला आणि उजवा हात मनगटापर्यंत उकळत्या पाण्यात गेला. पुढे कातडी भरून आली, पण बोटं तळहाताकडे आखडत चालली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी वडिलांना बजावलं, "जखम भर गई. अब रोज उंगलियां खोलो. रोने दो, मगर खोलो. नहीं तो हाथ गया."

हे काम आत्यानं अंगावर घेतलं. वडिलांची ही बहीण, मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं टाकलेली, आमच्याकडेच राहायची. रोज सकाळी कोमट तेल चोळून ती माझा पंजा पोळपाटावर ठेवायची आणि एकेक बोट दाबून सरळ करायची. अगं माय, काय त्या कळा! मी तिला चावायची, 'मर तू' म्हणायची. ती म्हणायची, "दे शिव्या, पण हात नको ओढू, माय." मग पळी धरायला लावायची, पीठ मळायला लावायची. मला ती वैरीण वाटायची, खरं सांगते. पण गुण येत होता. एक दिवस मी उजव्या हातानं भाकर मोडली. आत्या चुलीवरची भाकर तशीच टाकून अंगणात नाचली.

आईला मात्र माझं रडणं सोसवेना. एका सकाळी मी फारच किंचाळले, तशी ती धावत आली आणि मला ओढून पोटाशी धरलं.

"वन्सं, बास करा आता. तुमची कूस उजवली न्हाई, म्हणून लेकरावर तुमचा असा हात चालून राहिला."

 आत्यानं तेलाची वाटी उचलून ठेवली. त्यानंतर तिनं माझ्या हाताला बोट लावलं नाही. वडील म्हणाले, जखम बरी झाली ना, मग झालं. मी तर खूश! आई मला भरवायची, वेणी घालायची, हात पदराखाली धरून निजवायची. तिच्या मायेत हात मिटत गेला. त्या मायेचा मला आजही संताप येतो, आणि संताप आला की रडूही येतं.

लग्नाचं वय झालं. बघायला आलेली माणसं हात पाहून उठून जाऊ लागली. तेव्हा कुठे आईनं मला पुन्हा हिंगोलीला नेलं. डॉक्टरांनी बोटं चाचपली आणि मान हलवली. आता उशीर झाला म्हणाले.

 परतताना बैलगाडीत आई एकाएकी माझी मूठ मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी बोटं उकलायला लागली.

"उघड गं माझे बाई, उघड."

जीव जाईल असं दुखत होतं. मी दातावर दात धरले.

"ओढ आई. मी रडून राहिले का? ओढ."

तिनं सगळा जोर लावला. बोटं जागची हलली नाहीत.