हेड बदललं आणि बाबांनी चावी दिली

मंडळी, मला कळत नाहीये यार, तुम्हीच सांगा.

बाबांच्या जुन्या गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तडकलं होतं. तसं आता मिळत नाही, म्हणून चारकोपच्या मेकॅनिकने नंतरच्या मॉडेलचं बसवलं. बोल्ट जुळले. पण पेट्रोल जळायची पोकळी जुन्यात वाटीसारखी खोल होती, यात चपटी आहे. त्यामुळे दाब वाढतो आणि गाडीला जोर येतो म्हणे.

आज गाडी आणली. एरवी दुसरा गिअर लागायचा तो फ्लायओव्हर तिसऱ्यावर झकास चढली.

मग बाबा एक फेरी मारून आले आणि चावी माझ्या हातात ठेवली. "अ‍ॅक्सिलरेटरवर पाय टेकवायच्या आत पळते रे. आता तूच चालव."

मेकॅनिकला फोन केला, तर म्हणतो, "अंकल को बोलो, गाडी जवान हो गयी."

मग गाडी सुधारली की बिघडली?

तडकलेलं हेड अजून डिकीतच आहे.