डबा गिरणीत, किल्ली खिशात

खामगावकडच्या उंद्री गावातल्या उकंडरावांचा पिठाच्या गिरणीवर काडीचा विश्वास नाही. कधीकाळी त्यांच्या गव्हात कोणाची तरी ज्वारी मिसळून आली होती. तेव्हापासून सगळं गाव डबा ठेवून घरी जातं आणि हे पीठ होईपर्यंत डब्यापाशी ठाण मांडतात. लेक प्राची इंजिनिअर झाली, पण वळण बापाचंच. खाण तशी माती.

प्राची खामगावच्या एका छोट्या कंपनीसाठी घरी बसून ॲप लिहिते. नव्या ॲपचं काम तसं साधं. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची गाडी वजनकाट्यावर चढली की तिचं वजन पडद्यावर दिसायचं. तोच प्रोग्रॅम कॉम्प्युटरवरही चालायला हवा आणि फोनवरही. घरी कॉम्प्युटरवर तो बिनबोभाट चालला. शुक्रवारी खामगावात खऱ्या काट्याला फोन जोडला, आणि फोन जो थिजला तो थिजलाच. मागे गाड्यांचे हॉर्न वाजताहेत, आणि पडद्यावरचं एक बटण दबेल तर शपथ!

कंपनीचा मालक धवल रागावला नाही, हेच वाईट. शांतपणे म्हणाला, "सोमवारी पुन्हा लावून पाहू. नाही जमलं, तर तू पुण्याच्या टीममध्ये जा. गावात एकटी बसून कोणाले विचारशील?"

पुण्याशी प्राचीचं वैर नव्हतं. पण नोकरीसाठी गाव सोडावं लागत नाही, हे तिनं अख्ख्या उंद्रीला छातीठोक सांगितलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला आईबापापासून लांब जायचंच नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिला रडू आलं.

घरी आली तर दाराला कुलूप. आई पुष्पाबाई वांग्याचं टोपलं पायाशी ठेवून ओट्यावर बसलेली.

"तुहे बाबा गिरणीत बसले. किल्ली त्याइच्या खिशात."

"मग फोन कर ना!"

"फोन आत हाय. चार्जिंगले."

प्राची तणतणत गिरणीत गेली. लाइट गेलेली, चक्की बंद, आणि उकंडराव डब्याला टेकून निवांत.

"बाबा, काऊन बसले इथं? आई कुलुपापाशी ताटकळून राह्यली."

"डबा सोडून येऊ कसा?"

गिरणीवाला निवृत्ती हसला. "काका, सारे डबे ठेवून जातेत. पीठ झालं की मी आवाज देतो. तुमी बसल्यानं लाइट थोडीच येते!"

प्राची जागच्या जागी उभी राहिली. तिच्या प्रोग्रॅमनं हेच तर केलं होतं! पडदा सांभाळणारा एकच कारभारी, आणि वजन येईस्तोवर हलू नको म्हणून तिनं त्यालाच काट्यापाशी बसवलं होतं. काट्याचं उत्तर आत घ्यायचं तर दार त्यानंच उघडायचं, आणि तो किल्ली खिशात घालून बाहेर त्याच उत्तराची वाट पाहत बसलेला. घरी तिनं खोटा काटा जोडून तपासलं होतं. तो विचारताक्षणी उत्तर द्यायचा, म्हणून हे कुलूप कधी दिसलंच नाही.

शनिवारी तिनं प्रोग्रॅममध्ये वजन आणायला दुसरा गडी नेमला. हा गडी अतिउत्साही, वजन घेऊन थेट पडद्यावर लिहायला धावला. कॉम्प्युटरनं ते चालवून घेतलं, फोननं ॲपच बंद पाडलं. प्राची वैतागली. मग तिला आईची शिस्त आठवली. पीठ कोणीही आणो, ते उंबऱ्याशी ठेवायचं. चाळून भरणार पुष्पाबाईच. तिनं तोच नियम घातला: गड्यानं वजन आणून द्यायचं, पडद्यावर मांडायचं ते कारभाऱ्यानंच.

सोमवारी धवल एकटाच जिनिंगमध्ये गेला. प्राची घरी फोनकडे डोळे लावून बसली, आणि तिच्या शेजारी उकंडराव. वावरात जायचं नाव नाही.

"बाबा, आपला डबा गिरणीत ठेवला ना? मग जा वावरात. झालं की मी आवाज देते."

उकंडराव कुरकुरत उठले. जाताना खिशातली किल्ली काढून त्यांनी खुंटीला अडकवली.

अकराच्या सुमारास धवलचा फोन आला. "सात गाड्या झाल्या. वजन येईपर्यंत बाकीची बटणंबी चालतात. पुण्याचं राहू दे. उंद्रीतच बस."

प्राची अनवाणीच घरामागच्या बांधावर धावली आणि गळा फाडून ओरडली, "बाबा, पीठ झालं!"

वांग्याच्या ओळीतून उकंडराव उभे राहिले. त्यांचा आवाज थेट बांधापर्यंत पोचला.

"हाव! आलो, आलो!"