गिटारला दिलेलं तेल

तारापूरच्या मांगेलआळीत जमनाच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगायची तेही रांगेत, आणि पावसाळ्यात होडी वर ओढली की लाकडाला माशाचं तेल द्यायची ते तळापासून टोकापर्यंत. असल्या बाईच्या तावडीतून नवऱ्याची, कुंदनची, गिटार कशी सुटणार?

ती साठेक वर्षांची जुनी गिटार कुंदनला वसईच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याने हात चालेनासे झाल्यावर देऊन टाकली होती. वरची पाटी कमानीसारखी फुगीर, तिच्यावर व्हायोलिनला असतात तशा दोन वळणदार फटी. स्पीकरची वायर जोडली की हळदीच्या मांडवात शेवटच्या खुर्चीवरच्या म्हातारीचेही पाय हलायचे. पुढे डीजे आले, कुंदनचा बँड बसला आणि गिटार घरी आली. खाऱ्या हवेने लाकूड तडकेल म्हणून जमना दर पावसाळ्यात होडीबरोबर तिलाही तेल देऊ लागली. बावीस वर्षं एकदाही चुकली नाही. समुद्रावरून आला की कुंदन ओट्यावर बसून ती बिनवायरीचीच वाजवायचा आणि जमना मासळी निवडत ऐकायची. याहून गोड काही नसेल, असं तिला वाटायचं.

आता नात हिनाची हळद आठ दिवसांवर आली होती. आजोबांनी मांडवात वाजवायचंच, हा जमनाचा हट्ट. तिने सालवडहून पुतण्या भाग्येशला बोलावलं. तो कारखान्यात वायरिंगचं काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी गिटारी दुरुस्त करायचा.

भाग्येशने गिटार उलटसुलट करून पाहिली. मान सरळ होती. खुंट्या गंजल्या होत्या, आतल्या वायरी सडल्या होत्या, पण ते बदलता येण्यासारखं होतं. जमनाचा जीव भांड्यात पडला. मग त्याने फुगीर पाटीवर टिचकी मारली, फटीला नाक लावलं आणि हिला तेल कोणी पाजलं म्हणून विचारलं. लाकूड तेल पिऊन जड झालं होतं, आवाज पार बद्द झाला होता. वाजवणाऱ्याला हे पहिल्याच वर्षी कळलं असणार, असंही तो बोलून गेला.

जमनाने ओट्यावर बसलेल्या कुंदनकडे वळून पाहिलं. कालवणात मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस, आणि बावीस वर्षांत त्याने ब्र काढला नव्हता.

"तुमाला म्हाईत होतं?"

"होतं."

"मंग बोलला का नाय?"

कुंदन भिंतीकडे बघत म्हणाला, "तू तिला जिवापाड जपत होतीस. आन आयकनारी तू एकटीच. तुला गोड लागत होतं, मंग कुनाला सांगू?"

जमनाला रडू आवरेना. भाग्येश वरमला. वायरी बदलल्या तर मांडवापुरती गिटार चार दिवसांत वाजेल, म्हणाला. तेल काढायचं तर मात्र दोन-तीन महिने लागतील, आणि तरीही सगळं निघेलच असं नाही. कुंदनने वायरीच बदलायला सांगितल्या.

जमनाने पदराने डोळे पुसले आणि गिटार उचलून भाग्येशच्या हातात दिली.

"हळदीला दुसरी कुनाची तरी आन. हिचं तेल काढ, लागंल तेवडा येळ लागू दे. बावीस वर्सं ह्यांनी जे वाजवलं, ते मी अजून आयकलंच नाय."