पॉइंट सहा मिलिमीटर

परदेशातून लाकडी फ्लोअरिंग थेट मागवायचं, हे माझ्या डोक्यातलं. दादाचा त्यात काही हात नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे नातेवाइकांत ‘दोघा भावांनी धंदा बुडवला’ असंच बोललं गेलं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा तो नववीतून शाळा सोडून एका सुताराच्या हाताखाली लागला. त्याच्या जिवावर मी बी.कॉम. झालो. नंतर आम्ही कांदिवलीत गाळा घेतला. मी दुकान बघायचो, दादा घरोघरी जाऊन लाकडी जमिनी बसवायचा. लाकडी म्हणजे इंजिनिअर्ड वुड. वर खऱ्या ओकचा थर, खाली एकमेकांवर चिकटवलेले प्लायचे थर. माल भिवंडीच्या एका आयातदाराकडून यायचा. त्याच्या बिलाकडे बघून मला नेहमी वाटायचं, हा मधला माणूस काढला तर केवढं उरेल.

इंटरनेटवर मी व्हिएतनाममधला एक कारखाना शोधला. तिथली एक बाई माझ्याशी व्हॉट्सॲपवर बोलायची. सभ्य, साधं इंग्रजी, उत्तर नेहमी दुसऱ्या दिवशी सकाळी. तिने नमुन्याची फळी पाठवली आणि चौरस मीटरला एकोणतीस डॉलर भाव दिला. दादाने फळी आडवी धरून कडेवरून नख फिरवलं. वरचा थर तीन मिलिमीटरचा होता. चांगला आहे, म्हणाला, पुढे दोनदा घासून नव्याने पॉलिश मारता येईल.

मग मी घासाघीस सुरू केली. मालाडच्या मार्केटात करतात तशीच. जमत नाही म्हणायचं, दोन दिवस गप्प बसायचं, दुसऱ्या कारखान्याचा भाव पुढे करायचा. एकोणतिसाचे सव्वीस झाले, मग तेवीस, शेवटी एकोणीस. प्रत्येक वेळी ती नवीन कोटेशन पाठवायची, सोबत चार-पाच पानांचं एक पत्रक. मी फक्त शेवटची ओळ वाचत होतो. एकोणीसला सौदा ठरला त्या दिवशी मी घरी श्रीखंड नेलं.

आगाऊ रक्कम पाठवल्यावर मी अंधेरीला एका क्लिअरिंग एजंटकडे गेलो, कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याकडे. त्याने कागद बघितले आणि विचारलं, "साहेब, हा भाव त्यांच्या बंदरापर्यंतचा आहे. पुढचा समुद्र कोणाच्या पैशाने?"

मी हसलो. तो हसला नाही. कागदाच्या पाठीवर त्याने एकाखाली एक लिहीत नेलं. जहाजाचं भाडं, विमा, त्या सगळ्या बेरजेवर कस्टम्सची ड्युटी, ड्युटी धरून पुन्हा जीएसटी, बंदराचे आकार, त्याची स्वतःची फी, न्हावाशेवाहून कांदिवलीपर्यंतचा ट्रेलर, आणि माल उतरवायचे हमाल. जीएसटी पुढे वळता होतो, पण आधी तर भरावाच लागतो. बसवताना कापाकापीत वाया जाणारा माल मी धरलाच नव्हता.

कंटेनर आला आणि अडकला. माल ज्यावर रचला होता त्या लाकडी पॅलेटना कीड नाही, असा दाखला कागदांत नव्हता. मीच तो मागितला नव्हता. तो येईपर्यंत तीन आठवडे गेले. तेवढे दिवस बंदराच्या जागेचं भाडं आणि वर रिकामा कंटेनर वेळेत परत न दिल्याचा दंड, दोन्ही चढत राहिले. मी गाळा बँकेकडे तारण ठेवला. शेवटी चौरस फुटाला जो भाव पडला तो भिवंडीवाल्याच्या भावाहून थोडा जास्तच होता.

पहिला खोका दादाने उघडला. फळी काढली, आडवी धरली, नख फिरवलं. मग दुसरी काढली. चिडला किंवा घाबरला की तो मालवणीत जातो.

"ह्यां तां न्हय," तो म्हणाला. "खरां सांग, काय केलंस?"

मी तिची सगळी कोटेशनं पहिल्यापासून काढून वाचली. तिने काहीच लपवलं नव्हतं. एकोणतीसला थर तीन मिलिमीटर, सव्वीसला दोन, तेवीसला एक पॉइंट दोन, एकोणीसला पॉइंट सहा. खालचं प्लायसुद्धा दर वेळी हलकं होत गेलं होतं. भाव मी पाडतोय असं मला वाटत होतं. ती बिचारी भावाच्या मापाने माल कमी करत होती, आणि तसं लिहून कळवत होती.

इथपर्यंतचा माझा मूर्खपणा होता. पुढचं तसं म्हणता येत नाही.

मुलुंडला एका निवृत्त शिक्षिकेचं काम आम्ही आधीच घेतलं होतं. त्यांच्या यजमानांना कंपवात होता. ते चालताना तोल जाऊन पडायचे आणि घरात गुळगुळीत कडक टाइल्स होत्या. लाकडावर मार कमी बसेल म्हणून बाईंनी ठेव मोडून पूर्ण घराला लाकूड सांगितलं होतं. दुकानात येऊन तीन मिलिमीटरची ती नमुन्याची फळी त्यांनी स्वतः निवडली होती. दादा म्हणाला, त्यांना सांगूया. मी म्हटलं, पाय ठेवल्यावर पॉइंट सहा आणि तीन सारखंच लागतं. बँकेचा हप्ता तोंडावर होता. मी म्हटलं, "तू लाव रे, पुढचं मी बघतो." दादाने माझ्याकडे बघितलं नाही. चार दिवसांत त्याने जमीन बसवली, नेहमीसारखीच नीट.

पावसाळ्यात बाईंचा फोन आला. बाथरूमकडे जाणाऱ्या पट्ट्यात फळ्यांच्या कडा वर आल्यात, चप्पल अडकते, म्हणाल्या. हलकं प्लाय ओल धरून फुगलं होतं. घासून सपाट करावं तर घासायला वर थरच नव्हता. मला ते फोनवरच कळलं. मी म्हटलं, दमट हवा आहे, ऊन पडलं की बसेल. आठवड्याने त्यांनी पुन्हा फोन केला. मी पुन्हा तेच सांगितलं. दादाला यातलं काही बोललो नाही.

तिसरा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज अगदी सरळ होता. यजमान त्याच पट्ट्यात अडखळून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. "ऑपरेशन उद्या आहे," त्या म्हणाल्या. "घरी कोणी नसेल. किल्ली शेजारी ठेवते. येऊन बघून जा."

मी दादाला सगळं सांगितलं. त्याने हत्यारांची पिशवी भरली आणि निघाला. मी मागोमाग गेलो. दोन दिवस त्याने गुडघ्यांवर बसून स्वतः बसवलेली फळी न् फळी उचकटली. मी हात लावायला गेलो की तो हातानेच मला बाजूला करायचा. खाली जुन्या टाइल्स निघाल्या. त्याने त्या पुसून काढल्या.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात बाईंना भेटलो, पूर्ण पैसे परत करतो म्हणालो. त्यांनी मला बसायला सांगितलं. माझ्या हातातल्या पैशांच्या पाकिटाकडे बघितलं.

"तुम्ही आधी सांगितलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर मी चांगलं लाकूड फक्त त्या पट्ट्यापुरतं घेतलं असतं. तेवढ्यावरही भागलं असतं आमचं."

त्यांनी पाकीट घेतलं. पोलिसांत वगैरे त्या कुठे गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे. यजमान घरी आले, पण पुन्हा चालले नाहीत. दिवाळीनंतर दीड महिन्याने गेले. मला ते भिवंडीवाल्याकडून कळलं, त्याला दादाने सांगितलं होतं. मी जाऊ शकलो नाही. दादा गेला होता.

उरलेला माल मी खोक्यांवर आणि बिलावर ‘वरचा थर पॉइंट सहा मिलिमीटर’ असं लिहून विकला. लोकांनी घेतला, अगदी आनंदाने, कारण भाव तसा लावला होता. दोन वर्षं लागली. गाळा सुटला.

दादा आता पवईत एका ठेकेदाराकडे रोजावर फ्लोअरिंगचं काम करतो. या वयात. सणाला आम्ही एकत्र जेवतो, तो माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करतो, वहिनी मला आग्रहाने वाढतात. दुकानाचा विषय निघत नाही. गेल्या महिन्यात मी त्याला म्हटलं, परत ये, सगळे कागद तूच तपास, तू म्हणशील तोच माल घेऊ.

"इंग्रजी कागद मला कुठे वाचता येतात," तो म्हणाला, आणि जेवत राहिला.